कुंभकोणमची ताडपत्रे, लोझानचा संगणक

गुरुवार, २१ ऑक्टोबर १८८०. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्याच वर्षी तमिळचा पंडित म्हणून लागलेला पंचविशीतला एक तरुण गावात बदलून आलेल्या मुन्सफाच्या भेटीला गेला. तरुणाचे नाव उ. वे. सामिनाथ अय्यर आणि मुन्सफाचे सेलम रामस्वामी मुदलियार. काय काय शिकलात, असे मुन्सफाने विचारले. सामिनाथ मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्यासारख्या महाविद्वानाचे शिष्य होते. त्यांनी अंतादी, कलंबकम, पिळ्ळैत्तमिळ, उला, कोवै असे प्रबंध धडाधड सांगितले. मुदलियारांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. एवढे सगळे शिकून उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न आला. याच्या मागचे काही वाचले आहे का? जीवकचिंतामणि पाहिले आहे का?

सामिनाथांनी तो ग्रंथ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पुढे त्यांनी ‘एन् चरित्तिरम्’ या आत्मचरित्रात ही भेट तारखेसकट नोंदवली. मुदलियारांनी आपल्याजवळची प्रत त्यांना दिली आणि यावर पाठ सांगा म्हणून गळ घातली. जवळजवळ दोन हजार वर्षांच्या तमिळ साहित्याचा वरचा थर तेवढा मठांतून शिकवला जात होता आणि त्याखालचे संघम काव्य, जैन-बौद्ध महाकाव्ये विस्मरणात गेली होती. ती बाहेर काढण्याचे काम या भेटीतून सुरू झाले.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचे नाव भेटेल. सामिनाथांची नेमणूक झाली तेव्हा कॉलेजचे प्राचार्य होते टी. गोपाळराव, तंजावर मराठी घराण्यातले देशस्थ. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, आणि मेलकावेरीसारख्या नदीला लागून असलेल्या वस्त्या, अशा या गावात मराठी बोलणारी घरे तंजावरच्या राजांच्या काळापासून होती. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये इथेच जन्मले. तंजावरला सरफोजी दुसरे यांनी छापखाना काढून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले, तेव्हा पुण्यात छापखाना म्हणजे ऐकीव गोष्ट होती. पण राजाने छापले म्हणजे सगळ्यांना मिळाले असे होत नाही. त्याचे ग्रंथालय, सरस्वती महाल, लोकांसाठी खुले व्हायला १९१८ उजाडावे लागले.

जीवकचिंतामणि जैनांचे आणि सामिनाथ कट्टर शैव परंपरेतले. ग्रंथातल्या जैन संज्ञा काही केल्या उलगडेनात. तेव्हा ते कुंभकोणममधल्याच जैन घरांत जाऊन बसू लागले. तिथे तो ग्रंथ अजून वाचला जात होता. पंडितांना जे अडले ते चंद्रनाथ चेट्टियारांसारख्या गृहस्थांनी समजावले. हस्तलिखिते गोळा करायला गावोगाव पायपीट झाली. कुणी पोथी दाखवायलाच तयार नसे, तर कुणाच्या माळ्यावरची वाळवीने खाल्लेली असे. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला पूर आला की जुन्या पोथ्या नदीत सोडण्याची रीत होती. तेवढेच पुण्य, आणि घरही मोकळे. करिवलंवंदनल्लूरच्या देवळात तर जीर्ण ताडपत्रे तुपात बुडवून होमात टाकली होती, शास्त्रात तसे सांगितले आहे म्हणून. सामिनाथ तिथे पोचले तेव्हा राख झालेली होती. द्वेषाने कुणी काही जाळले नाही. सगळे श्रद्धेने झाले, आणि मला वाटते तेच जास्त भयंकर आहे.

१८८७ मध्ये चिंतामणि छापून निघाले. पैसा राजाचा नव्हता. ग्रंथ निघण्याआधीच लोकांकडून सह्या आणि वर्गणी घेऊन तो उभा केला होता. मग १८८९ मध्ये पत्तुप्पाट्टु, १८९२ मध्ये शिलप्पदिकारम्, १८९४ मध्ये पुरनानूरु आणि १८९८ मध्ये मणिमेकलै. हे सगळे काम कुंभकोणमच्या तेवीस वर्षांत झाले. १९०३ मध्ये ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. ते एकटे नव्हते, हेही सांगायला हवे. जाफन्याहून आलेले सी. वै. दामोदरम पिळ्ळै हेच काम करत होते आणि काही काळ त्यांची वकिलीही कुंभकोणमलाच होती. दोघांत थोडी चुरसही होती. आणि पॅरिसहून ज्युलियाँ व्हिन्सन नावाचा प्राध्यापक पत्रे लिहीत होता. त्याने चिंतामणि वाचले होते आणि पॅरिसच्या ग्रंथालयात कोणती तमिळ हस्तलिखिते आहेत हे तो कळवत होता. कावेरीकाठच्या एका पंडिताला आपल्याच भाषेच्या पोथ्यांचा पत्ता सीनकाठाहून मिळतो, हा प्रकार पुढे शंभर वर्षांनी वेगळ्या रीतीने पुन्हा घडणार होता.

मधल्या काळात एक नवीन कुलूप आले, कायद्याचे. छापलेला ग्रंथ पोथीपेक्षा मोकळा खरा, पण त्यावर मालकी बसते. तमिळनाडूत या मालकीची सगळ्यात गाजलेली लढाई कवी सुब्रमण्य भारतींच्या गाण्यांवरून झाली. भारती १९२१ मध्ये विपन्नावस्थेत गेले. त्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रणाचे हक्क फिरत फिरत चित्रपटनिर्माते ए. व्ही. मेय्यप्पन यांच्याकडे आले. स्वातंत्र्याच्या वर्षी त्यांच्या ‘नाम इरुवर’ चित्रपटात डी. के. पट्टम्माळ यांच्या आवाजात भारतींची गाणी घरोघर पोचली. नंतर टी. के. एस. बंधूंनी ‘बिल्हणन’ चित्रपटात भारतींचे गाणे वापरले तेव्हा मेय्यप्पन कोर्टात गेले. लोक खवळले. ज्या कवीने स्वातंत्र्य गाइले त्याच्या गाण्याला मालक कसा? लेखक, नट, कम्युनिस्ट, काँग्रेसवाले सगळे एका सुरात बोलू लागले. ओमंदूर रामस्वामी रेड्डियार यांच्या सरकारात अविनाशिलिंगम चेट्टियार शिक्षणमंत्री होते. मार्च १९४९ मध्ये सरकारने हक्क ताब्यात घेण्याचे जाहीर केले. मेय्यप्पन यांनी आपला वाटा पैसे न घेता सोडला. पत्नी चेल्लम्मा आणि दोन मुली यांना मिळून १५ हजार रुपये दिले गेले. १९५५ मध्ये सरकारने स्वतःचाही हक्क सोडून भारतींचे सगळे लेखन जनतेला देऊन टाकले. कायद्याने ते १९७१ संपेपर्यंत बांधलेले राहिले असते. या प्रकरणावर पुस्तक लिहिणारे इतिहासकार आ. इरा. वेंकटाचलपती सांगतात की एखाद्या सरकारने लेखकाचे हक्क विकत घेऊन ते असे मोकळे केल्याचे उदाहरण त्याआधी जगात नव्हते.

तिथून ती प्रथाच पडली. भारतिदासन, अण्णादुराई, कल्की असे करत शंभराहून अधिक तमिळ लेखकांचे साहित्य वारसांना रक्कम देऊन ‘नाट्टुडमै’, म्हणजे राष्ट्रीय मालकीचे, केले गेले. आपल्याकडे मुख्यमंत्री लेखकांच्या नावाने पुरस्कार देतात, पुतळे उभारतात, समग्र वाङ्मयाचे खंड काढतात आणि ते खंड संपले की वाचक वर्षानुवर्षे वाट पाहतो. लेखकाचा हक्कच विकत घेऊन सोडून द्यावा, ही कल्पना महाराष्ट्रात कुणा सरकारला सुचल्याचे मला आठवत नाही.

स्वतः सामिनाथ अय्यर यांच्या बाबतीत एक गंमत झाली. ते २८ एप्रिल १९४२ रोजी गेले. तेव्हाच्या हिशेबाने पन्नास वर्षांनी, १ जानेवारी १९९३ ला, त्यांच्या टीपा आणि प्रस्तावना मोकळ्या व्हायच्या. पण रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेलेले. त्यांचे हक्क विश्वभारतीच्या हातून निसटू नयेत म्हणून भारत सरकारने मुदत पन्नासाची साठ केली. त्या दुरुस्तीत तमिळ पंडितही अडकला आणि दहा वर्षे जास्त बंद राहिला. मूळ संघम कवितांना अर्थातच कुणाची मालकी लागू नव्हती. त्या कवींची नावेही पुरती उरलेली नाहीत.

आता स्वित्झर्लंड. जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन केंद्राने ३० एप्रिल १९९३ रोजी एक कागद काढला. टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी तिथे तयार केलेल्या वर्ल्ड वाइड वेबच्या प्रणालीवरचे सगळे हक्क संस्थेने त्यात सोडून दिले होते. फी नको, परवानगी नको. तिथून साठेक किलोमीटरवर, जिनीव्हाच्याच तळ्याच्या काठी, लोझान आहे. तिथल्या तंत्रविद्यापीठात के. कल्याणसुंदरम नावाचे तमिळ रसायनशास्त्रज्ञ प्रकाशरसायनावर काम करत होते. मिखाएल ग्रेत्सेल यांच्या ज्या प्रयोगशाळेने रंगद्रव्याचे सौरघट जगाला दिले, तिथलेच ते. दिवसा रेणू आणि संध्याकाळी तमिळ अक्षरे. त्यांनी ‘मयिलै’ हा तमिळ फॉन्ट बनवून फुकट वाटून टाकला.

१९९८ च्या पोंगलला त्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक्सबर्गच्या पी. कुमार मल्लिकार्जुनन यांच्यासह ‘प्रोजेक्ट मदुरै’ सुरू केला. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला गुटेनबर्ग प्रकल्प आणि स्वीडनमधल्या लिंकोपिंगचा रूनेबर्ग प्रकल्प, असे नमुने समोर होतेच. जुने तमिळ ग्रंथ टंकित करायचे, तपासायचे आणि जगाला फुकट द्यायचे, एवढेच काम. ना इमारत, ना अनुदान, ना पगार. एकाने जर्मनीत बसून एक प्रबंध टंकित करावा, तो सिंगापुरातल्या दुसऱ्याने तपासावा, तिसऱ्याने मद्रासहून छापील प्रत मिळवावी. त्यातले बरेच जण इंजिनियर, डॉक्टर, रसायनवाले; तमिळचे प्राध्यापक थोडे. कुंभकोणमच्या जैन घरांत बसलेल्या सामिनाथांना याचे नवल वाटले नसते, कारण त्यांनाही मजकूर असाच पंडित नसलेल्या माणसांकडून मिळाला होता.

या कामासाठी मात्र एक भांडण मिटवावे लागले, आणि या सगळ्या हकिकतीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग तोच आहे. १९९० च्या दशकात संगणकावर तमिळ लिहिणारा प्रत्येक जण आपापल्या फॉन्टमध्ये लिहीत होता. मलेशियात मुत्तु नेडुमारन यांचे ‘मुरसु अंजल’, सिंगापुरात ना. गोविंदसामी यांची वेगळी पद्धत, लोझानला मयिलै. अक्षर दिसायला ‘क’, पण आत त्याचा क्रमांक प्रत्येकाचा निराळा. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की चिन्हांचा कचरा. सगळ्यांनी एक कोष्टक मानायचे तर प्रत्येकाला आपले कोष्टक टाकून द्यावे लागणार. जे वर्षानुवर्षे घालून बनवले आणि काहींनी तर विकून पोट भरले, ते टाकायचे. १९९७ ते १९९९ या काळात ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया, क्वालालंपूर, लोझान असे विखुरलेले हे लोक पत्रांतून भांडत राहिले. कोणता जोडस्वर कुठल्या घरात, कोणत्या जागा मॅकिंटॉशवर चालत नाहीत, ग्रंथ लिपीतून आलेली ‘ज’, ‘ष’, ‘स’ ही अक्षरे ठेवायची की नाही. त्यातून ‘टिस्की’ नावाची सामाईक संकेतप्रणाली निघाली. खालच्या १२८ जागा इंग्रजीला, वरच्या १२८ तमिळला. हुकूम काढणारे कुणी नव्हते, ज्याला पटले त्याने ती घेतली. तमिळनाडू सरकारने १९९९ मध्ये चेन्नईच्या परिषदेनंतर स्वतःची निराळी कोष्टके जाहीर केली, तरी प्रोजेक्ट मदुरैने टिस्की सोडली नाही.

आणि मराठी? आपल्याकडे तर पुण्यात सी-डॅक होते. आयआयटी कानपूरच्या कामातून मोहन तांबे यांच्यासारखे लोक तिथे आले होते आणि सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच ‘इस्की’ प्रमाणक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मंजूरही केले होते. युनिकोडने आपला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. म्हणजे खुले प्रमाणक आपल्या दारात तयार होते. पण डीटीपीच्या दुकानांत आणि वर्तमानपत्रांत चालत राहिले ते श्री-लिपी, आकृती, कृतिदेव आणि खुद्द सी-डॅकचे फॉन्ट, ज्याचा त्याचा क्रमांक निराळा. दैनिकाचे पान उघडायचे तर आधी त्या दैनिकाचा फॉन्ट उतरवून घ्या. अजूनही पुण्या-मुंबईचे कितीतरी प्रकाशक लेखकाकडून श्री-लिपीतली फाइल मागतात आणि युनिकोडातून ती फिरवताना रफार उडतो, जोडाक्षर फुटते. संस्था होती, प्रमाणक होते, पैसा होता. आपले कोष्टक सोडायला तेवढे कुणी तयार नव्हते.

तमिळ बाजूही सरळ सुटली नाही. युनिकोड आले तेव्हा तिथल्या लोकांची तक्रार अशी की इस्कीचा साचा देवनागरीचा, त्यात तमिळ कोंबली आहे. २४७ अक्षरांच्या लिपीला मोजकीच घरे दिली, बाकीची जोडून घ्या म्हणतात. तक्रारीत तथ्य होते. पुण्या-कानपूरच्या मापाने तमिळचा सदरा शिवला गेला होता. तरीही २००० नंतर प्रोजेक्ट मदुरैने स्वतः जीव टाकून घडवलेली टिस्की हळूहळू मागे ठेवली आणि सगळे ग्रंथ युनिकोडात आणले. दुसऱ्यांदा सोडणे पहिल्यापेक्षा सोपे गेले असावे.

युरोपात असा ग्रंथसंग्रह ठेवणे कायद्याच्या दृष्टीने निर्धोक होते असे नाही. तिथे युरोपीय समुदायाच्या १९९३ च्या निर्देशाने लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांची मुदत सगळीकडे एकसारखी केली. गुटेनबर्ग प्रकल्पाला सत्तर वर्षांच्या मुदतीचा झटका बसला. थॉमस मान, हाइनरिश मान आणि आल्फ्रेड डोब्लिन यांची १८ पुस्तके अमेरिकेच्या कायद्याने मोकळी होती. ती जर्मनीत वाचता येतात म्हणून एस. फिशर या प्रकाशकाने दावा लावला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टाने प्रकाशकाच्या बाजूने निकाल दिला. प्रकल्पाने सगळ्या जर्मनीलाच दार लावले. १८ पुस्तकांपायी हजारो पुस्तके बंद, तीही गुटेनबर्गच्या स्वतःच्या देशात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तडजोड होऊन दार उघडले. युरोपातल्या डिजिटल हक्कवाल्या संघटना सामाईक साहित्याची व्याख्या कायद्यातच लिहा म्हणून का भांडतात, ते या एका खटल्यावरून कळते. मुदत संपणे म्हणजे त्यांच्या कायद्यात नुसते एक पोकळ घर आहे, ते घर लोकांचे आहे असे कुठे म्हटलेले नाही.

तमिळ संग्रहाला यातून मोठा आधार मिळाला तो मद्रासच्या १९४९ च्या निर्णयाचा. कल्की १९५४ मध्ये गेले. भारतात त्यांचे हक्क २०१४ संपेपर्यंत राहिले असते. १९९९ मध्ये सरकारने ते घेऊन मोकळे केले आणि थोड्याच काळात त्यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या कादंबरीचे पाचही भाग स्वयंसेवकांनी टंकित करून ठेवले. या कादंबरीतले पळैयारै कुंभकोणमच्या शेजारीच आहे. कादंबरीतल्या राजवाड्यांचे गाव आता भातशेतीत विखुरलेल्या देवळांपुरते उरले आहे. पुढे ‘पोन्नियिन सेल्वन’वर मणिरत्नम यांचा चित्रपट आला, तेव्हा एकाच वेळी अनेक प्रकाशक ही कादंबरी स्वस्तात विकत होते आणि ज्याला तेही नको तो फोनवर फुकट वाचत होता. प्रकाशकांचे काही बिघडले नाही.

लंकेच्या तमिळांनी याच वाटेने २००५ मध्ये ‘नूलहम’ हा संग्रह उभा केला. त्यांच्या मागे जाफन्याच्या ग्रंथालयाची आग होती: १९८१ च्या मे अखेरीस जाळलेली सुमारे ९७ हजार पुस्तके आणि हस्तलिखिते. त्यांना मोकळेपणापेक्षा प्रतींची संख्या महत्त्वाची होती. एक इमारत जळली तरी दुसरीकडे उरले पाहिजे. लंडन, पॅरिस, टोरोंटोत पांगलेल्या माणसांनी पैसा आणि वेळ दिला, स्कॅनिंग जाफन्यात आणि कोलंबोत झाले.

एक उणीव अभ्यासक बोलून दाखवतात आणि ती खरी आहे. प्रोजेक्ट मदुरैच्या सुरुवातीच्या फाइलींत मूळ पद्य तेवढे होते. सामिनाथांनी ज्यात आयुष्य घातले ती पाठभेदांची नोंद, जुना टीकाकार नच्चिनार्क्किनियर याच्या टीकेचा अर्थ, कुठल्या पोथीत कुठला शब्द गळाला याचा हिशेब, हे टंकित करायला कंटाळवाणे आणि हक्काच्या भीतीमुळे २००३ पर्यंत बाजूला ठेवलेले. नंतर त्यांची गद्य पुस्तके आली, टीकाही येऊ लागल्या, पण सावकाश. पॉन्डिचेरीच्या फ्रेंच संस्थेतले लोक संघम ग्रंथांच्या नव्या चिकित्सक आवृत्त्या करतात तेव्हा त्यांना अजून चेन्नईच्या बेझंटनगरला जावे लागते. सामिनाथांनी जमवलेली ताडपत्री हस्तलिखिते तिथल्या त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आहेत, आणि पुष्कळ पाठभेद अजून त्या ताडपत्रांवरच आहेत.